अठरा वर्षांच्या कामाचे आता काय करायचे?



गेल्या महिन्यात सांगली जिल्ह्यातून एका भगिनीचे चार पानी पत्र आले. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर त्या एका सामाजिक संस्थेत लागल्या आणि अठरा वर्षे तिथेच राहिल्या. आधी बचत गट, मग गरोदर बायकांचे आरोग्य, शेवटची सात वर्षे कौटुंबिक सल्ला केंद्र. मार्च महिन्यात संस्थेचा प्रकल्प संपला. नवा निधी आला नाही, म्हणून नऊ जणांना निरोप दिला गेला. त्यांत त्या एक. वय त्रेचाळीस, मुलगा बारावीत, सासूबाईंना डायलिसिस चालू.

दीर म्हणाले, "भाभी, आता घरी बसा, शिलाई मशीन आणून देतो." शेजारच्या खाला म्हणाल्या, "सवाबाचे काम होते, अल्लाह अज्र देईल, पगाराचे काय मनाला लावून घेतेस!" दोघांचीही नीयत चांगलीच. पण पत्राच्या शेवटी त्या भगिनींनी लिहिले होते, "मला शिवणकाम येत नाही. मला माणसे समजतात. याला बाहेर काही किंमत आहे का, एवढेच सांगा."

मालेगाव, मुंब्रा, परभणीहूनही याच आशयाची पत्रे आम्हाला येत असतात. कोणी वस्तीत बालवाडी चालवलेली असते, कोणी क्षयरोगाच्या कार्यक्रमात घरोघर फिरलेली असते. म्हणून यावेळचे पान या प्रश्नासाठी.

प्रकल्प का बंद पडतात?

पहिली गोष्ट ही की, काम सुटले तो आपला दोष नाही. बहुतेक संस्थांकडे येणारा पैसा एक, दोन किंवा तीन वर्षांच्या प्रकल्पापुरता असतो. मुदत संपली की पगारही संपतो. त्यात २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. परदेशातून पैसा घेणाऱ्या मोठ्या संस्थेने तो पुढे छोट्या संस्थांना देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गावपातळीवरच्या अनेक छोट्या संस्था मोठ्या संस्थेच्या हातूनच पैसा घेत होत्या. त्यांचा आधार गेला. कार्यकर्तीला मात्र वाटत राहते की आपल्यातच काही कमी होते.

खिदमतीचा मोबदला

दुसरी गोष्ट खालांच्या बोलण्याबद्दल. समाजाच्या कामाचा पगार घेतला की सवाब कमी होतो, हा समज आपल्या घरांत खोलवर आहे. पुरुषाने मदरशात शिकवून पगार घेतला तर कोणी बोलत नाही, पण बाईने वस्तीत काम करून पगार मागितला की भुवया उंचावतात.

सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन यांच्या लगोलग तिसरा क्रमांक आहे तो जकात गोळा करण्याच्या कामावर नेमलेल्या लोकांचा. म्हणजे गरिबांपर्यंत मदत पोहोचवायची तर त्यासाठी राबणाऱ्यालाही घर असते, पोट असते, याची तजवीज खुद्द कुरआनात आहे. हजरत अबू बक्र (रजि.) खलीफा झाल्यावरही कापडाच्या व्यापाराला बाजारात निघाले होते. मग कारभार कोण पाहणार, म्हणून बैतुलमालमधून त्यांच्या घरखर्चाची रक्कम ठरवण्यात आली. खिदमत आणि मोबदला एकत्र नांदू शकतात. नीयत साफ असावी, हिशेब साफ असावा, बस्स.

आपल्याजवळ नेमके काय आहे?

त्या भगिनींना आम्ही उलट पत्र लिहिले आणि एकच काम सांगितले. एक कागद घ्या आणि अठरा वर्षांत काय काय केले ते लिहा. मोठे शब्द नकोत, केलेली कामे लिहा.

आठ दिवसांनी उत्तर आले. एक पान लिहायला बसल्या होत्या, सहा पाने झाली. घरभेटी करून कुटुंबाची माहिती लिहिणे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून दोघांचे ऐकून घेणे. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यायला लावणे. तलाक, खुला, मेहर, पोटगी, मुलांचा ताबा यांबद्दल वकिलाकडे जाण्याआधीची समज देणे. रेशनकार्ड, निराधार योजना, शिष्यवृत्ती यांचे अर्ज. पंधरा बचत गटांचे हिशेब. सहा नव्या मुलींना तयार करणे. दर तिमाहीचा अहवाल. आणि देणगीदाराचे पाहुणे आले की त्यांना वस्ती दाखवणे.

आता यातली प्रत्येक ओळ कुठेतरी नोकरी आहे. कुठे, ते पाहू.

रुग्णालयात

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. कोण पात्र, कागद कोणते, खाट मिळाली की नाही, हे पाहायला रुग्णालयात समाजसेवक लागतो. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही समाजसेवा विभाग असतो. ज्या बाईने पंधरा वर्षे लोकांना घेऊन रुग्णालयांच्या खिडक्यांपुढे रांगा लावल्या, तिला खिडकीच्या आतल्या बाजूचे काम शिकायला फार वेळ लागत नाही.

याच आवारात आणखी एक पद आहे, अवयव प्रत्यारोपण समन्वयक. अशी शस्त्रक्रिया करण्याची नोंदणी हवी असलेल्या रुग्णालयाला समन्वयक नेमावाच लागतो. २०१४ च्या नियमांत या पदासाठी डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर पदवीधरही पात्र आहेत आणि समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला पसंती दिलेली आहे. अवयवदानाबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण समन्वयकाचे काम कोणावर निर्णय लादण्याचे नसते. अतिदक्षता विभागाच्या दारात बसलेल्या घराला त्यांच्या बोलीत परिस्थिती समजावून सांगणे, त्यांना आपल्या मौलानांशी बोलायला वेळ मिळवून देणे आणि ते जे ठरवतील त्याचा मान राखणे, हे ते काम.

कायद्याच्या दारात

कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. या न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात आणि ते बहुतेक समाजकार्य शिकलेलेच असतात. त्याच १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजसेविकेची खुर्ची थेट पोलिसांच्या आवारात आली. पुढे असे कक्ष राज्यभर पसरले. जिल्ह्याजिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटर आहेत, तिथेही केस पाहणाऱ्या आणि समुपदेशन करणाऱ्या बायका लागतात. यांतली बरीच पदे कंत्राटी असतात. जाहिरात येते तेव्हा मुदत आणि मानधन नीट वाचूनच अर्ज करावा.

काही कामे नोकरी नसून नेमणूक असतात. बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांत एक स्त्री असावीच लागते. मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो. बाल कल्याण समितीतही अशा अनुभवाला जागा आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाला तपासापासून निकालापर्यंत साथ देणारी आधार व्यक्ती बाल कल्याण समिती नेमते, तशी तरतूद २०२० च्या पॉक्सो नियमांत आहे. या कामांना भत्ता किंवा मानधन मिळते, पण त्यावर घर चालेल असे धरू नये. दुसऱ्या उत्पन्नाच्या जोडीला ती फार मोलाची आहेत.

मध्यस्थी हा तसाच एक रस्ता. मध्यस्थाचे प्रशिक्षण साधारण ४० तासांचे असते. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात शेजारपाजारच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. सात वर्षे नवरा-बायकोला एका चटईवर बसवणाऱ्या बाईला यात नवे काय असणार? नवी असते ती शिस्त. आपण सल्ला द्यायचा नाही, दोघांना त्यांचा तोडगा काढू द्यायचा. आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना हेच जड जाते, कारण लोक आपल्याकडे "आपा, तुम्हीच सांगा" म्हणत आलेले असतात.

ज्यांच्या घरची परिस्थिती तीन वर्षे थांबू शकते, त्यांनी पदवीनंतरच्या एलएल.बी.चा विचार जरूर करावा. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २०१९ चा तीन तलाकचा कायदा, हे सारे ज्या बाईने वस्तीत बसून हाताळले आहे, ती वकील झाली तर आपल्या लेकींना किती मोठा आधार होईल!

कंपन्या आणि कारखाने

१९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला होता. समाजकार्याचे कितीतरी पदवीधर त्या वाटेने कारखान्यांत गेले आणि पुढे मनुष्यबळ विभागात स्थिरावले. आज दुसरीही दारे आहेत.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ही सक्ती १ एप्रिल २०१४ पासून आहे. पैसा देणे सोपे असते. तो कुठे गेला, शाळेला खरेच छप्पर आले का, बचत गटातल्या बायकांच्या हातात काय पडले, हे पाहायला माणूस लागतो. गावात जाऊन दोन बायकांशी बोलल्यावर कागद खरा की खोटा हे ज्याला कळते, तो माणूस. आजवर आपण अहवाल लिहीत होतो, आता दुसऱ्याचे अहवाल तपासायचे.

२०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिच्यात एक सदस्य बाहेरचा लागतो, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या प्रश्नाची जाण असलेला. त्याला मालकाने शुल्क द्यायचे असते. शाळा, बँका, दवाखाने, कारखाने, सगळीकडे ही समिती हवी. चार-पाच समित्यांवर काम मिळाले तर महिन्याला हातभार लागतो. मात्र त्यासाठी कायदा तोंडपाठ हवा आणि ऐकलेले पोटात ठेवायची सवय हवी. दुसरी गोष्ट आपल्याजवळ असतेच.

शिकवणे आणि स्वतःचे काम

आपल्या देशातले समाजकार्याचे पहिले महाविद्यालय १९३६ साली मुंबईत सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. तिचा आरंभ कुठे झाला ठाऊक आहे? नागपाड्यात, नेबरहूड हाऊसमध्ये. आपल्या वस्तीच्या ऐन मध्यात. समाजकार्य हे वस्तीतच शिकायचे असते, हे तेव्हापासूनचे. आजही बी.एस.डब्ल्यू., एम.एस.डब्ल्यू.च्या मुलांना क्षेत्रकार्य करावे लागते आणि त्यांच्यावर देखरेख करायला अनुभवी माणूस लागतो. महाविद्यालयात कायम प्राध्यापक व्हायचे तर नेट किंवा सेट परीक्षा द्यावी लागते. समाजकार्य हा नेटचा स्वतंत्र विषय आहे.

स्वतःचे काम उभे करायचे तर आपल्या आसपासच बघा. किती मशिदींचे ट्रस्ट, मदरसे, यतीमखाने, कब्रस्तान समित्या, शिक्षण संस्था आहेत! मदत मिळवायला निघाल्या की कागदाशी अडतात. हिशेब तपासलेला नाही, बदल अहवाल दाखल नाही, ८०जी नाही. दोन-तीन संस्थांची कागदपत्रे नीट लावून देणे, प्रकल्पाचा अर्ज लिहून देणे, बचत गटांना महिला आर्थिक विकास महामंडळाशी किंवा बँकेशी जोडून देणे, हे मोबदला घेऊन करण्यासारखे काम आहे.

एक सावधगिरीही सांगतो. "तीन महिन्यांत समुपदेशक व्हा" अशा जाहिराती पाहून घाईने फी भरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार समाजसेवक कोणाला म्हणायचे ते ठरलेले आहे, एम.एस.डब्ल्यू. आणि त्यावर दोन वर्षांचे एम.फिल. छोट्या कोर्सने नवे काही शिकायला मिळेल, पण ती पदवी मिळणार नाही.

कागद, कागद, कागद

या सगळ्या वाटांवर एकच काटा आहे. आपण दुसऱ्यांचे कागद करता करता स्वतःचे केलेच नाहीत.

संस्थेकडून अनुभवाचा दाखला घ्या. त्यात नुसते "काम केले" नको, पद, तारखा आणि कामाचे स्वरूप हवे. संस्था बंद पडण्याआधी घ्या, नंतर सही करायला कोणी सापडत नाही. जी प्रशिक्षणे घेतली त्यांची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये लावा. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएन क्रमांक, आधार, नाव, जन्मतारीख जुळते का ते बघा. नावाचे स्पेलिंग हा आपल्या घरांतला जुना आजार आहे, लग्नाआधीचे एक, लग्नानंतरचे दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. नोकरी सुटली म्हणून सगळी रक्कम लगेच काढू नका. निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, ती नव्या नोकरीत पुढे जोडता येते.

आणि एक अमानत. केंद्रात आलेल्या बायकांच्या गोष्टी आपल्या मालकीच्या नाहीत. मुलाखतीत अनुभव सांगताना नाव, गाव, ओळख पटेल अशी खूण येऊ देऊ नका. समोरची व्यक्ती जाणकार असेल, तर आपण काय सांगितले नाही हेही ती बघत असते.

जमातीला दोन शब्द

शेवटी, ज्यांच्या हातात संस्था आहेत त्यांच्याशी बोलायचे आहे. मशिदीच्या फरशीसाठी चंदा गोळा होतो आणि अलहमदुलिल्लाह, भरभरून होतो. पण वस्तीत समुपदेशन केंद्र हवे म्हटले की "एखादी भगिनी येईल, फी सबीलिल्लाह करील" असे उत्तर मिळते. येते, करते आणि चार वर्षांनी थकून घरी बसते. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण ज्यांना मिळाली, त्यांनी बायकांच्या कामाला फुकटात धरू नये. दोन-तीन ट्रस्ट एकत्र आले तर एका अनुभवी समाजसेविकेचा पगार, भविष्य निर्वाह निधीसकट, सहज निघतो. तिच्यामुळे किती निकाह वाचतील, किती मुले शाळेत परततील, किती घरे सावकारापासून सुटतील, याचा हिशेब एकदा मांडून पाहा.

त्या भगिनींचा परवा फोन आला. अनुभवाच्या दाखल्यासाठी जुन्या संस्थेत तीनदा जावे लागले, पण मिळाला. जवळच्या शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात अर्ज दिला आहे, मुलाखत व्हायची आहे. मिळेल की नाही, अल्लाहच जाणे. पण दीर आता मशीनचे नाव काढत नाहीत, असे त्या हसून म्हणाल्या. मुलाखतीच्या दिवशी तेच मोटारसायकलवरून सोडायला जाणार आहेत.

त्यांच्यासाठी दुआ करा. आणि तुमच्या घरात, मोहल्ल्यात अशी कोणी असेल, तर तिला सवाबाची आठवण करून देण्याआधी एक कोरा कागद आणि पेन द्या. अठरा वर्षांचे असो की आठ, ती लिहू लागली की तिचे तिलाच कळेल.

खुदा हाफिज.